बेटांवरच्या एका दिवसाचा हिशेब: यॉटची दिवसभराची सफर कशी आखावी

उष्ण कटिबंधातील बेटांवर यॉटने जाऊन संध्याकाळी परत यायचे ठरले, की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो एका दिवसात किती बेटे पाहायला मिळतील, हा. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. दिवसातले किती तास बोट चालत राहणार आहे आणि किती तास ती नांगर टाकून उभी राहणार आहे, हे आधी विचारावे. पाच बेटांची यादी छापील पत्रकावर आकर्षक दिसते, परंतु त्या यादीतला बराचसा दिवस पाण्यावर उसळत, एका बेटावरून दुसऱ्याकडे धावण्यात जातो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते निवळ पाणी, ती पुळण आणि ते प्रवाळ यांच्या वाट्याला अर्धा-अर्धा तास येतो.

हा हिशेब कोणालाही घरी बसून करता येतो. सकाळी साडेआठला धक्का सोडून संध्याकाळी पाचला परतणारी सफर साडेआठ तासांची असते. शिडाची मध्यम आकाराची यॉट साधारण ६ नॉट वेगाने चालते. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. बेट २० सागरी मैलांवर असेल तर जायला ३ तास २० मिनिटे आणि यायलाही तेवढाच वेळ लागेल, म्हणजे बेटासाठी उरतात १ तास ५० मिनिटे. त्यातच नांगर टाकणे, जेवण आणि किनाऱ्यावर ये-जा करणे आले. तेच बेट ७ मैलांवर असेल तर दोन्ही वेळचा प्रवास २ तास २० मिनिटांत आटोपतो आणि सहा तासांहून अधिक वेळ आपल्या हाती राहतो. १८ नॉटने धावणाऱ्या इंजिनाच्या बोटीला २० मैलांचे अंतर कापायला तासाहून थोडा अधिक वेळ पुरतो, मात्र त्या वेगात लाटांवर बसणारे दणके सोसण्याची तयारी हवी. म्हणून नकाशावर अंतर मोजावे, बोटीचा नेहमीचा वेग विचारावा आणि दोन्ही वेळचा प्रवास मिळून दिवसाच्या निम्म्याहून कमी भरत असेल तरच ती सफर निवडावी. ज्याला शिडाखाली चालण्यातच आनंद आहे, त्याने हा नियम खुशाल मोडावा.

प्रदेशाप्रदेशांत या हिशेबाचे उत्तर फार बदलते. कॅरिबियनमधील ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलच्या दोन्ही बाजूंना बेटे इतकी जवळजवळ आहेत, की एका बेटावर असताना पुढचे बेट डोळ्यांना दिसते. तिथे शिडाच्या बोटीचा दिवस अगदी रास्त ठरतो. याउलट थायलंडमधील सिमिलन बेटे मुख्य भूमीच्या किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरहून दूर आहेत. तिथे शिडाच्या बोटीने एका दिवसात जाऊन परतण्याचा विचारच सोडून द्यावा, वेगवान बोट घ्यावी किंवा बोटीवरच मुक्काम करण्याची सफर घ्यावी.

कोणती बोट

एका बुडाची शिडाची यॉट वाऱ्यावर एका बाजूला कलून चालते. ज्यांना समुद्राची आवड आहे त्यांना हा कल सुखावतो, परंतु लहान मुले, वयस्कर माणसे आणि पहिल्यांदाच समुद्रावर येणारे यांना तिरप्या डेकवर तास-दोन तास बसणे जड जाते. दोन समांतर बुडे जोडलेली कॅटामरान फारशी कलत नाही, तिच्यावर सावलीची आणि मोकळी जागा अधिक असते, आणि ती पाण्यात कमी खोल बुडालेली असल्याने किनाऱ्याच्या अधिक जवळ जाऊ शकते. चाळीस फुटी एकबुडी यॉटला तरंगायला साधारण दोन मीटर पाणी लागते, तर त्याच लांबीच्या कॅटामरानला सव्वा मीटरच्या आसपास पुरते. उथळ प्रवाळ-सरोवरात हा पाऊण मीटर फार मोलाचा असतो, कारण त्यामुळे बोट पुळणीपासून दूर उभी राहणार की पोहत जाता येईल इतक्या अंतरावर, हे ठरते. कॅटामरानचा दोष एवढाच, की समोरून आखूड लाटा आल्या तर दोन बुडांच्या मधल्या भागावर पाणी खालून धडकते आणि त्या धडकांनी काही जण हैराण होतात. कुटुंबासह, पहिल्यांदाच जाणार असाल तर मी निःसंकोचपणे कॅटामरान सुचवेन.

बोट भाड्याने घेण्याचे तीन प्रकार आहेत. इतर प्रवाशांबरोबर एकेक जागा घेता येते, कप्तान आणि खलाशांसह अख्खी बोट घेता येते, किंवा कप्तानाशिवाय नुसती बोट घेऊन ती स्वतः चालवता येते. तिसऱ्या प्रकाराला नौकानयनाचे प्रमाणपत्र आणि अनुभव लागतो, आणि प्रमाणपत्र असले तरी अनोळखी प्रवाळ-समुद्रात केवळ एका दिवसासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. सात-आठ जणांचा गट असेल तर दुसऱ्या प्रकारचा खर्च माणशी पाहता फारसा वाढत नाही, आणि एखाद्या खाडीत मन रमले तर आणखी तासभर तिथेच थांबण्याचे स्वातंत्र्य मिळते.

ऋतू, वारा आणि भरती-ओहोटी

सफरीची तारीख ठरवताना तिथल्या सुट्यांपेक्षा तिथले वारे पाहावेत. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. दक्षिण गोलार्धातल्या उष्ण समुद्रांत वादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्र खवळवतात, म्हणूनच सिमिलन बेटांचे राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दरवर्षी बंद असते. हिंदी महासागरातील सेशेल्समध्ये मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. त्या महिन्यांत पाऊस कमी असतो, आकाश स्वच्छ असते, आणि तरीही आग्नेयेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर समुद्र खडबडीत राहतो. कोरडा ऋतू म्हणजे शांत समुद्र असे समजून फसणारे खूप आहेत. कॅरिबियनमध्येही डिसेंबर-जानेवारीत पाऊस कमी असतो, पण व्यापारी वाऱ्यांना जोर असतो.

सफरीच्या तीन-चार दिवस आधीपासून सागरी हवामानाचा अंदाज पाहू लागावे आणि त्यात तीन आकड्यांकडे लक्ष द्यावे. पहिला वाऱ्याचा वेग. ब्यूफोर्ट मापनश्रेणीत ११ ते १६ नॉटचा वारा चौथ्या पायरीवर येतो. त्या वाऱ्यात बऱ्याच लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसतो आणि शिडाच्या बोटीला तो उत्तम असतो. १७ ते २१ नॉटमध्ये अनुभवी माणसांना मजा येते, नवख्यांना त्रास होतो. २२ नॉटच्या पुढे सहलीसाठी निघण्यात अर्थ नाही. दुसरा आकडा लाटांच्या उंचीचा. अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीची लाट येऊ शकते. तिसरा आकडा दोन लाटांमधल्या सेकंदांचा, आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एक मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर बोट तिच्यावर संथपणे चढते आणि उतरते. तीच एक मीटरची लाट चार-पाच सेकंदांनी येत असेल तर बोट सतत आपटत राहते आणि तासाभरात निम्म्या प्रवाशांना बोट लागते.

दिवसाच्या आत वाऱ्याची स्वतःची एक चाल असते. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा आत येऊ लागतो. हा खारा वारा सकाळी उशिरा सुरू होतो आणि दुपारी तीनच्या सुमारास जोरात असतो. त्यामुळे शहाणा कप्तान सकाळच्या शांत पाण्यात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेचे अंतर कापून घेतो आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परततो. कार्यक्रमपत्रिकेत याच्या उलट क्रम दिसला तर कारण विचारावे. कधी कधी ते रास्त असते, उदाहरणार्थ गर्दीच्या वेळी प्रसिद्ध खाडी टाळण्यासाठी.

भरती-ओहोटीचा विचार प्रवाशाने कशाला करायचा, असे वाटेल. परंतु उथळ खाडीत बोट आत शिरू शकेल की नाही, आणि दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत पोहणे सुरक्षित आहे की नाही, हे त्यावरच अवलंबून असते. ज्या समुद्रात दिवसातून दोनदा भरती येते तिथे ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात आणि पाणी समान गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असा खलाशांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी हलते आणि त्याच वेळी अरुंद जागी प्रवाह सर्वांत जोरात असतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते तेव्हा हा फरक वाढतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत तो कमी होतो. स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणे, हाच मुख्य हेतू असेल तर भांगाचे दिवस निवडणे मला अधिक सोयीचे वाटते. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो, त्यामुळे तिथे एवढी काळजी लागत नाही.

प्रवाळातून वाट काढताना कप्तान ज्या गोष्टीची वाट पाहतो ती म्हणजे ऊन. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असला की पाण्याचे रंग उलगडतात. गडद निळा म्हणजे खोल पाणी, हिरवट निळा म्हणजे वाळूवरचे काही मीटर पाणी, पांढुरका म्हणजे अगदी उथळ वाळू, आणि तपकिरी किंवा पिवळसर डाग दिसला की तिथे प्रवाळ वर आलेले आहे. अशा वेळी एक खलाशी बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, कठड्याला पाय रोवून उभा राहतो. डोळ्यांवर पाण्याची चकाकी रोखणारा काळा चष्मा असतो, तो तोंडाने काही बोलत नाही, केवळ हात डावीकडे किंवा उजवीकडे सरळ धरतो, आणि मागे सुकाणूवर बसलेला कप्तान इंजिन जवळजवळ निवांत ठेवून त्या हाताकडे पाहत बोट वळवतो. तपकिरी डाग बाजूने सरकतात, दोन-तीन मीटरवरून, आणि सगळी बोट नकळत गप्प होते. सूर्य समोरून तिरपा आला की हेच पाणी चकाकणाऱ्या पत्र्यासारखे दिसते आणि खाली काय आहे ते कळत नाही. त्यामुळे दुपारी तीन-साडेतीनला कप्तान निघायची घाई करू लागला, तर तो आपला वेळ कापतो आहे असा ग्रह करून घेऊ नये.

पैसे भरण्यापूर्वी

बोटीला किती प्रवासी नेण्याची परवानगी आहे आणि त्या दिवशी किती जण असतील, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारावेत. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि मुलांच्या मापाची, पायांमधून पट्टा येणारी जॅकेटे आहेत का, याची खात्री करावी, कारण मोठ्यांचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले तर जॅकेट वर राहते आणि मूल त्यातून खाली निसटते. व्हीएचएफ रेडिओ, ज्याच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवरून मदतीची हाक दिली जाते, तो बोटीवर हवाच. केवळ मोबाइलवर विसंबणारी बोट किनाऱ्यापासून दूर न्यायची नसते.

उद्यानाचे शुल्क, इंधन, जेवण, मास्क आणि पोहताना पायात घालायचे पंखे भाड्यात धरले आहेत का, हे लेखी घ्यावे. हवामानामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत मिळतील की दुसरी तारीख मिळेल, हेही लेखी असावे. ही अट स्पष्ट आणि उदार असलेली कंपनी निवडण्यामागे पैशांपेक्षा मोठे कारण आहे. रद्द केल्यावर ज्याचे नुकसान होणार नाही, तोच कप्तान वारा वाढलेला पाहून मोकळ्या मनाने नाही म्हणू शकतो.

बेटावर प्रत्यक्ष उतरता येईल का, हेही विचारावे. थायलंडमधील फी फी ले बेटावरची माया बे ही खाडी गर्दीने प्रवाळांची हानी झाल्यामुळे जून २०१८ मध्ये बंद करण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडली. आता बोटी त्या खाडीत शिरू शकत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला उतरून चालत जावे लागते. जुनी छायाचित्रे पाहून बोटीतूनच थेट त्या पुळणीवर उडी मारण्याचे मनात धरले असेल तर निराशा होईल. तसेच सफर वाटेत देशाची सीमा ओलांडते का, हे पाहावे. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधून ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सकडे जाणारी बोट दिसायला शेजारच्या बेटावर जात असली तरी ती दुसऱ्या प्रशासनाच्या हद्दीत जाते आणि पासपोर्ट बरोबर लागतो.

बोट लागू नये म्हणून

बोट लागण्याचे कारण पोटात नसून कानात आहे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की शरीर हलते आहे, आणि केबिनच्या भिंतीकडे किंवा मोबाइलकडे पाहणारे डोळे सांगतात की काहीच हलत नाही. या दोन परस्परविरोधी बातम्यांनी मळमळ सुरू होते. यावर उपाय म्हणजे डोळ्यांना खरे काय ते दाखवणे, म्हणजे डेकवर, मोकळ्या हवेत, क्षितिजावर नजर ठेवून बसणे. बोटीचा मध्यभाग सर्वांत कमी हलतो, पुढचे टोक सर्वांत जास्त. वाचन करू नये, मोबाइल खिशात ठेवावा, आणि त्रास वाटला तर खाली केबिनमध्ये जाऊन पडण्याचा मोह टाळावा, कारण तिथेच तो वाढतो.

औषध घ्यायचे असेल तर ते त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावे लागते. सिनॅरिझिनसारखी गोळी निघण्याच्या सुमारे दोन तास आधी, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी घेतात. या गोळ्यांनी झापड येते, म्हणून त्या दिवशी मद्य वर्ज्य करावे. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी निदान चार तास आधी लावतात आणि ती तीन दिवसांपर्यंत काम करते. पट्टी हाताळल्यावर हात धुवावेत, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणे धूसर होते. काचबिंदू असलेल्यांनी ती लावू नये. यांतले काहीही पहिल्यांदा घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः मुले, गर्भवती आणि रोजची औषधे घेणारे यांच्या बाबतीत. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तुडुंब पोटीही जाऊ नये. एवढे करूनही उलटी होणारच असेल तर वारा ज्या बाजूने बोटीबाहेर जातो त्या बाजूला, खलाशाला सांगून आणि कठडा धरून जावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, जन्मभर समुद्रावर राहिलेल्यांनाही कधीतरी बोट लागते.

ऊन आणि पिशवी

उष्ण कटिबंधात अतिनील किरणांचा निर्देशांक दुपारच्या वेळी ११ या अतितीव्र पातळीच्या वर जाणे नेहमीचे आहे, आणि समुद्रावर वारा अंगावर येत असल्याने त्वचा भाजते आहे हे वेळेवर कळत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पाण्याखाली अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात. त्यामुळे तासभर तोंड पाण्यात घालून तरंगणाऱ्याची पाठ, मानेची मागची बाजू आणि गुडघ्यांच्या मागचा भाग सर्वाधिक भाजतो. यावर सर्वांत चांगला उपाय मलम नाही, कपडा आहे. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट घ्यावा. तो दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही आणि पाण्यात विरघळतही नाही.

उरलेल्या उघड्या भागासाठी सनस्क्रीन लागेलच. ते घेताना डबीवरची घटकांची यादी वाचावी. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये प्रवाळांना घातक असल्याच्या चिंतेपोटी पॅसिफिक महासागरातील पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्यांवर निर्बंध आणले, थायलंडनेही २०२१ मध्ये आपल्या सागरी उद्यानांत अशा द्रव्यांच्या सनस्क्रीनला बंदी केली. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर आधारलेले मलम घ्यावे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी वीस मिनिटे ते अंगावर बसू द्यावे.

पिशवी मऊ असावी, चाकांची कडक बॅग यॉटवर सर्वांच्या पायात येते. तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग, टोपीला बांधायची दोरी, चष्म्याला दोरी, कोरड्या कपड्यांचा एक जोड, संध्याकाळच्या वाऱ्यासाठी पातळ जॅकेट, स्वतःची पाण्याची बाटली आणि रोजची औषधे एवढे पुरते.

बोटीवर

यॉटवर चढताना पादत्राणे काढायला सांगतात, कारण काळ्या तळव्यांचे डाग डेकवर पडतात आणि अडकलेली वाळू लाकूड घासून काढते. त्यानंतर कप्तान पाच-दहा मिनिटे सुरक्षिततेच्या सूचना देतो. त्या सूचना छायाचित्रे काढत ऐकू नयेत. लाइफ जॅकेट कुठे आहे हे स्वतः जाऊन पाहावे, एकदा घालून पट्टे आवळून पाहावेत आणि मग परत ठेवावे. चालत्या बोटीवर फिरताना एक हात नेहमी कशाला तरी धरलेला असावा. शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो वारा फिरला की एका क्षणात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला येतो आणि डोक्याला लागला तर जीवघेणी इजा होते. म्हणून कप्तान वळण घेण्याची हाक देतो तेव्हा खाली बसून राहावे. ताणलेल्या दोरांवर हात ठेवू नये आणि दोराच्या वेटोळ्यात पाय टाकू नये.

बोटीवरच्या शौचालयाच्या नळ्या अरुंद असतात. त्यात टाकलेला एक ओला रुमाल संपूर्ण दिवस सर्वांसाठी ते बंद करू शकतो, तेव्हा वापरण्यापूर्वी खलाशाला एकदा पद्धत विचारून घ्यावी. कचऱ्यातला एकही तुकडा वाऱ्यावर जाऊ देऊ नये. जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास सागरी प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ पासून संपूर्ण मनाई आहे, आणि ती छोट्या यॉटलाही लागू आहे.

पाण्यात आणि पुळणीवर

मास्क भाड्याचा असला तरी स्वतः निवडावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा आहे, खाली पडला तर दुसरा मागावा. मग कपाळावरचे केस बोटाने एकेक करून रबरी कडेबाहेर काढावेत, कारण एका बटेवाटेही पाणी थेंबाथेंबाने आत येत राहते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर यावा, कानांच्या खाली नव्हे, आणि घट्ट आवळू नये. जास्त आवळला तर कड दुमडते आणि उलट अधिक गळते. काचेवर धुके येऊ नये म्हणून आतून सौम्य शांपूचा एक थेंब चोळून समुद्राच्या पाण्याने विसळावे. पहिल्यांदाच स्नॉर्कल वापरणाऱ्याने कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, तोंड पाण्यात घालून, निदान पाच मिनिटे केवळ श्वास घेण्याचा सराव करावा. ही पाच मिनिटे गाळून खोल पाण्यात उतरणारेच घाबरतात.

एकट्याने पोहत दूर जाऊ नये, जोडीने राहावे आणि दर मिनिटाला डोके वर काढून बोट कुठे आहे ते पाहावे. सुरुवातीला प्रवाहाच्या विरुद्ध पोहावे, म्हणजे दमल्यावर प्रवाहच परत आणतो. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या शिडीजवळ जाऊ नये, कप्तानाने हात करेपर्यंत अंतरावर थांबावे. खोल सूर मारण्यापूर्वी जोरजोरात भराभर श्वास घेण्याची सवय काहींना असते. ती अत्यंत धोक्याची आहे, त्यामुळे श्वास घेण्याची गरज जाणवण्यापूर्वीच पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. पोहता न येणाऱ्याने किंवा मन धास्तावलेल्याने तरंगण्याचे जॅकेट घालूनच उतरावे, प्रवाळ त्याच्यासाठीही तेवढेच सुंदर दिसते.

प्रवाळावर उभे राहू नये. दगडासारखा दिसणारा तो गोलाकार घुमट जिवंत प्राण्यांची वसाहत असतो आणि वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. आपल्या कमरेइतका घुमट अनेक दशकांपासून तिथे वाढत आलेला असतो आणि पंख्याचा एक फटका त्याच्या जिवंत पापुद्र्यावर जखम करून जातो. ऑस्ट्रेलियातील ७४ बेटांच्या व्हिटसंडे समूहासारख्या ठिकाणी साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशमुळे पूर्ण अंग झाकणारा पातळ पोशाख देतात, तो उकडतो म्हणून नाकारू नये. बॉक्स जेलीफिशचा डंख झाला तर त्यावर निदान तीस सेकंद व्हिनेगर ओततात. गोडे पाणी लावू नये आणि चोळू नये, त्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात. पुळणीजवळच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेला, शेपटीत विषारी काटा असलेला पाखट मासा सावध होऊन निघून जातो.

किनाऱ्यावर डिंगीने, म्हणजे यॉटबरोबरच्या छोट्या होडीने, जाताना काठावर बसलेल्यांनी दोरी धरावी आणि बोट वाळूला टेकल्यावर बाजूने नव्हे, पुढून उतरावे. शंख, प्रवाळाचे तुकडे आणि वाळू बरोबर आणू नये. कठीण प्रवाळ, राक्षसी शिंपले आणि कॅरिबियनमधला मोठा राणी शंख यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वाहतूक वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स करारान्वये नियंत्रित आहे, आणि विमानतळावर ते जप्त होऊ शकतात. बेटावर पहिला अर्धा तास छायाचित्रांत घालवण्यापेक्षा बाकीच्या बोटींचे लोक जिथे थांबतात तिथून पुढे दहा मिनिटे चालत जावे. पुळणीच्या टोकाला, जिथे खडक सुरू होतात, तिथे सहसा कोणी नसते आणि लाट मागे सरकताना बारीक वाळूचा खरखरणारा आवाज ऐकू येतो.

परतीच्या वाटेवर

परतताना दुपारचा वारा अंगावर असतो, अंग मिठाने चुरचुरते आणि डोळे मिटू लागतात. हा थकवा बहुतांशी पाणी कमी प्यायल्याचा असतो, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. पोहणे उरलेले असताना मद्य घेऊ नये. ओले कपडे बदलून पातळ जॅकेट घालावे, कारण उष्ण प्रदेशातही ओल्या अंगाला १५ नॉटचा वारा लागला की हुडहुडी भरते. सफरीत स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून, सूर मारला असेल तर विमानाचे तिकीट पुन्हा पाहावे. एकाच सुरानंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक सुरांनंतर निदान १८ तास विमानप्रवास टाळावा असे पाणबुड्यांच्या सुरक्षेचे मार्गदर्शन सांगते, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान असलेल्याने स्नॉर्कलवर समाधान मानावे.

धक्क्यावर उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. दिवसभर बोटीच्या हालचालींशी जुळवून घेतलेला मेंदू अजून लाटांचाच अंदाज करत असतो, आणि हे डोलणे बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. तोपर्यंत स्वतः गाडी चालवत मुक्कामी जाऊ नये, आणि त्या रात्री अंघोळ करताना डोळे मिटून डोक्यावर पाणी घेण्यापूर्वी एक हात भिंतीला टेकवावा.